मिठात गेलेल्या कळ्या

मी अकोल्याची. आमसूल किराणा दुकानात काळ्या चिकट गोळ्याच्या रूपात मिळतं आणि ते कुठल्यातरी झाडाला लागत असावं, एवढंच पंचविशीपर्यंत मला ठाऊक होतं. आमच्याकडे आंबटपणाचं खातं चिंचेकडे. त्यामुळे पुण्याच्या प्रयोगशाळेत आमच्या सरांनी "तू कोकमावर काम कर" म्हटलं, तेव्हा आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो सरबताच्या बाटल्यांबद्दल. पीएचडी करून मुलगी सरबत काढणार, असा तिचा समज पुढे वर्षभर टिकला.

काम असं होतं. कोकमाची झाडं नर आणि मादी अशी वेगळी असतात. बी लावायची, सात-आठ वर्षं पाणी घालायचं, मग बहर आल्यावर कळतं की हे झाड फळ देणार की नुसतीच फुलं दाखवणार. पण अगदी कोवळ्या कळीत, डोळ्यांना दिसणार नाही अशा वयात, नर काय नि मादी काय, पेशी सारख्याच असतात. त्यांच्याजवळचं पुस्तकही एकच. कुणी त्यातलं हे पान वाचतं आणि पुंकेसर होतं, कुणी ते पान वाचतं आणि फळ होतं. कोणतं पान वाचलं जातंय, याच्या बारीक चिठ्ठ्या पेशी स्वतःच लिहीत असते. त्या चिठ्ठ्या वाचणं हे माझं काम. अडचण एवढीच की कळी झाडावरून तोडली की थोड्याच वेळात त्या बदलायला आणि विरायला लागतात. म्हणून तोडल्याबरोबर कळी द्रव नायट्रोजनमध्ये टाकायची, म्हणजे ती आहे तिथेच गोठते. हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, "बरं. पण बाटल्या आण."

तीन वर्षांची फेलोशिप. पहिली दोन वर्षं वेगवेगळ्या झाडांच्या कळ्या गोळा करण्यात गेली आणि हाती काही लागलं नाही, कारण दोन वेगळ्या झाडांची पुस्तकं मुळातच थोडी वेगळी असतात. फरक झाडाचा की नर-मादीचा, हे सांगता येईना. मला हवं होतं एकच झाड, ज्याच्या एका फांदीवर नर फुलं आणि दुसरीवर मादी. असं झाड मिळालं तर ठीक, नाहीतर मार्चअखेर खुर्ची रिकामी करून अकोल्याला परत. सरांनी हे इतक्या प्रेमाने सांगितलं होतं की रागही धड आला नाही.

झाड मिळालं ते फिलोमिना आंटीमुळे. कुडाळला कोकम बागायतदारांची एक सभा होती, तिथे मी भाषण ठोकत होते. मागच्या रांगेतून एक साठीपुढची बाई उठली आणि म्हणाली, "माझ्या परड्यातली रातांबी पंधरा वर्सां बापयमाणूस होती. आता एका फांयेक फळ धरता. ह्याचा काय ता सांग." रातांबी म्हणजे कोकमाचं झाड, बापयमाणूस म्हणजे पुरुष. सगळे हसले. मी मात्र भाषण अर्धवट टाकून तिचा नंबर घेतला. तेव्हा बहर संपला होता, म्हणून पुढच्या बहरापर्यंत थांबले. यंदाच्या जानेवारीत निघाले, त्याची ही हकिगत.

फोंडाघाट

प्रयोगशाळेची जुनी जीप, मागे नायट्रोजनची टाकी, आणि मी एकटी. टाकीतून वाफ सुटत असते, म्हणून काचा उघड्या ठेवाव्या लागतात. राधानगरीचं जंगल ओलांडून घाट उतरेपर्यंत माझे केस असे झाले होते की फोंडाघाटच्या चहावाल्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"मॅडम, मागे काहीतरी उकळतंय," तो म्हणाला.

वळून बघते तर टाकीच्या तोंडातून पांढरा लोट. उकळत काही नव्हतं, उलट जिल्ह्यातली बहुतेक सगळ्यात थंड वस्तू होती ती, पण घाटातल्या वळणांनी तिचं बूच सैल झालं होतं. सैल झालं होतं म्हणजे मीच नीट बसवलं नव्हतं. काठी घालून मोजलं तर अर्ध्याहून कमी नायट्रोजन उरला होता. डोक्यावर हात मारून घेतला. चहावाल्याने शांतपणे गरम भजी पुढे ठेवली आणि विचारलं, "बर्फाचा व्यवसाय का?" मी हो म्हटलं. सगळ्यांनाच चिठ्ठ्यांचं समजावत बसायची ताकद त्या वेळी नव्हती. भजी मात्र अशी होती की मी दुसरी बशी मागवली, आणि बूच कशाने बांधावं याचा विचार खातखात केला.

कुडाळ

जिल्ह्यात द्रव नायट्रोजन कुठे मिळतो, याचं उत्तर मला त्या चहावाल्याकडे बसलेल्या एका म्हशीच्या मालकाने दिलं. गुरांच्या दवाखान्यात. तिथे जातिवंत वळूंच्या वीर्याच्या कांड्या नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असतात, गावोगावच्या गाईंसाठी. हे मला, जनुकशास्त्राच्या होऊ घातलेल्या डॉक्टरीणबाईंना, सुचलं नव्हतं.

कुडाळजवळच्या दवाखान्यातले पशुवैद्य टेबलावर कार्यालयीन मराठीत बोलायचे आणि फोनवर मालवणीत. "मॅडम, आपली अडचण आमच्या लक्षात आली आहे. तथापि आमच्याकडील साठा मर्यादित आहे," असं मला सांगून त्यांनी लगेच फोन कानाला लावला, "रे, गाडी खंय पावली? उद्या? बरा, उद्या तर उद्या." मग पुन्हा माझ्याकडे वळून, "गाडी उद्या अपेक्षित आहे."

म्हणजे एक दिवस मुक्काम. मी आंटीला फोन केला. इथे मी काय बोलले ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या वाक्यांतून झालं. मी म्हटलं, "आंटी, एक दिवस उशीर होतोय. कळ्या उमलल्या तर सगळं गेलं हो माझं. खराब व्हायच्या आत मिळायला हव्यात." ती म्हणाली, "तू काय काळजी करू नको गो. मी आसंय मां?" माझा जीव भांड्यात पडला आणि मी निवांतपणे आठवडा बाजार बघायला गेले.

बाजारात सुक्या मासळीच्या रांगा. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे आणि मूगवड्या घालतात. इथे बांगडे, सुंगटं म्हणजे कोलंबी, आमसुलं, कैरीच्या फोडी, फणसाचे गरे, त्याच्या बिया म्हणजे आठिळ्या, जे जे हाताला लागेल ते ते मीठ लावून नाहीतर उन्हात टाकून ठेवलेलं. पावसाचे चार महिने बाहेर पडायची सोय नाही, म्हणून सगळी बेगमी आधी. एका बाईला मी कौतुकाने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे काहीच वाया जात नाही का?" ती म्हणाली, "जाता गो. वाळवूक इसरला काय जाता." मला ते फार आवडलं. वहीत लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. पशुवैद्यांनी टाकी काठोकाठ भरून दिली, बूच स्वतः बसवलं आणि म्हणाले, "बैलांव्यतिरिक्त कोणासाठी ही पहिलीच वेळ. कळवा काय होतं ते."

आंटीचं परडं

मालवणच्या अलीकडे खाडीच्या अंगाने आत वळलं की आंटीचं घर. पुढे क्रूस, त्याला झेंडूची ताजी माळ, मागे परडं. परडं म्हणजे घरामागची बाग. आंटीने आयुष्यभर शाळेत शिकवलं. नवरा गेला, भाऊबंद गोव्यात, आणि ती एकटी माड, काजू नि रातांबी सांभाळून आहे. मी गाडीतून उतरते न उतरते तोच ती दारात आली आणि शाळेच्या मराठीत म्हणाली, "यावे, यावे. तुमचे काम मी करून ठेवले आहे."

मला काही समजलं नाही. तिने माझा हात धरून अंगणात नेलं. तिथे उन्हात तीन सुपं मांडलेली. सुपांत कोकमाच्या कळ्या, मीठ चोळलेल्या, सुरकुतलेल्या, काही तपकिरी पडलेल्या. वर माश्या बसू नयेत म्हणून जुन्या ओढणीचा तुकडा.

"काल बघलंय तर कळे फुगलेले," आता ती मालवणीवर आली होती, कारण आनंद झाला होता. "तू तर येवक नाय. म्हटलंय, उमलले तर चेडवाचा सगळा जातला. स्टुलार उभ्या रवान फळ धरणाऱ्या फांयेचे सगळे काढलंय. मीठ लावलंय. आता वर्सभर कायएक होवचा नाय तेंका." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. नर फांद्यांवर कळ्या भरपूर होत्या, पण त्यांना एकट्यांना अर्थ नव्हता. फळ धरणारी फांदी हाताच्या उंचीपर्यंत साफ होती. सुपातल्या कळ्यांमध्ये एक चिठ्ठी शिल्लक असेल तर शपथ.

आणि मग मी डाफरले. आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज मोठा, पण आम्ही तो परक्या अंगणात काढत नाही. मी काढला. "आंटी, तुम्हाला हात लावायला कोणी सांगितलं होतं? तीन वर्षं गेली माझी. आता मी काय लोणचं घालून नेऊ पुण्याला?" असं आणि अजून बरंच. शेवटी रडायलाच लागले.

आंटीने ओढणी सुपांवर नीट सारखी केली, आत गेली आणि पाणी घेऊन आली. सोबत गुळाचा खडा. मी तो खाल्ला. मग ती हळूच म्हणाली, "त्या फांयेची यंदाची सोलां गेली. माका वाटला, तुझ्या कामाक येतली." सोलं म्हणजे आमसुलंच. तोपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं की कळ्या काढल्या म्हणजे फळही गेलं. पंधरा वर्षं वाट पाहायला लावून ज्या एका फांदीने तिला फळ दाखवलं, त्या फांदीचं वर्ष तिने मला देऊन टाकलं होतं. मला भयंकर लाज वाटली. पण माफी मागण्याऐवजी मी नाक पुसलं आणि "असू दे, आता काय" असं काहीतरी पुटपुटले.

झाडावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आंतोन आला. हा माडावर चढून नारळ पाडणारा, म्हणजे पाडेली. पन्नाशीचा, काटक, बोलण्यात संथ. आंटीने रात्रभर विचार करून त्याला पहाटेच निरोप धाडला होता. त्याने रातांबीखाली उभं राहून वर पाहिलं. तेवढ्या वेळात माझा चहा संपला.

"ही फांयी भायर येता तशी भितरसून वरपण गेली आसा," तो म्हणाला. "शेंड्याक कळे आसत. पण बारीक. काढून खाली टाकू?"

मी जवळजवळ किंचाळले. खाली टाकायचं नाही, तोडल्या क्षणी टाकीत. मी त्याला सगळं समजावलं, पुस्तक, पान, चिठ्ठ्या. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मगे बाय, तुमीच वर येवा."

अकोल्यात मी चढलेली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे गच्चीचा जिना. पण मार्च जवळ होता. आंतोनने शिडी बुंध्याला काथ्याने बांधली, टाकीतला नायट्रोजन मी जाड पोलादी फ्लास्कमध्ये काढून घेतला, वर सैल झाकण ठेवलं, आणि त्याने तो नारळाच्या जाळीत घालून वर ओढून एका फाट्याला टांगला. मग मी. शिडी संपली तिथे आंतोनने माझ्या कमरेला त्याचा चढायचा दोर बांधला आणि म्हणाला, "भियाव नकात. खाली बघू नकात." अर्थातच मी लगेच खाली बघितलं. आंटी बुंध्याला टेकून जपमाळ ओढत होती. त्याने धीर आला की गेला, हे अजूनही ठरवता आलेलं नाही.

वर पोचल्यावर मात्र सगळं विसरायला झालं. माडांच्या शेंड्यांमधून खाडीचं पाणी दिसत होतं, वारा गार होता, आणि समोर त्या फांदीचा शेंडा, पानांच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या. आंतोन आकडीने डहाळी माझ्याकडे ओढून धरायचा, मी चिमट्याने कळी खुडायची, इवल्या नळीत टाकायची, नळी फ्लास्कमध्ये. दर वेळी फुस्स करून वाफ यायची आणि आंतोन दर वेळी "बरा" म्हणायचा. दोन कळ्या हातातून सुटून खाली गेल्या. तिसऱ्या वेळी चिमटाच गेला. खालून डोकं चोळत आंटीने विचारलं, "माझ्या टकलेर काय पडला ता?" मग उरलेल्या मी नखांनी खुडल्या. एकूण एकोणीस. त्याच उंचीवरच्या नर फांदीच्याही तेवढ्याच घेतल्या, आणि प्रत्येक फांदीच्या दोन-दोन न गोठवता वेगळ्या औषधात बुडवल्या, कापून बघण्यासाठी.

एकोणीस म्हणजे फारच थोड्या. आणि इतक्या बारीक की त्यांच्यातून काही निघेल की नाही, हे मला वर फांदीवर बसल्या बसल्याच वाटून गेलं. पण आंतोनला मी तसं सांगितलं नाही. तो इतका खुशीत होता की उतरल्यावर त्याने दोन शहाळी फुकट पाडली.

दुपारी आंटीने ताटात सुंगटांची कढी, भात आणि तळलेला बांगडा वाढला. बांगड्यातले काटे मी सुरुवातीला एकेक काढून ताटाच्या कडेला रांगेत ठेवत होते, तेव्हा आंटीने माझ्या ताटातून मासा सरळ उचलला, दोन बोटांनी मधला काटा अख्खा काढून टाकला आणि मासा परत ठेवला. आमच्याकडे पाहुण्याच्या ताटाला असा हात लावला तर तीन पिढ्या बोलणं बंद होईल. मला मात्र इतकं बरं वाटलं की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

निघताना तिने खारवलेल्या कळ्यांची पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली. "असू दे," म्हणाली. "लागल्यो तर." मी नाही म्हणू शकले नाही.

पुण्यात

पहिल्यांदा औषधातल्या कळ्या कापल्या. केसाहून पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि मी बराच वेळ हललेच नाही. फळ धरणाऱ्या फांदीच्या त्या टाचणीएवढ्या कळीत पुंकेसराचे उंचवटे होते आणि शेजारीच फळाचा उंचवटाही होता, दोन्ही सारखेच, कुणीच अजून पुढे गेलेलं नाही. पेशींचं ठरायचं होतं. हीच वेळ मी जवळजवळ तीन वर्षं शोधत होते.

मग मला एक शंका आली. पुरचुंडी सोडली. मिठातल्या कळ्या पाण्यात भिजवून कापल्या. चिठ्ठ्या जातात, पण आकार थोडाफार उरतो. प्रत्येकीत फळाचा आकार पुरता झालेला, पुंकेसर बाजूला मरून पडलेले. सगळ्यांचं ठरून गेलं होतं, बहुतेक कित्येक दिवस आधीच. शेंड्याचा बहर मागाहून येतो, एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. मी वेळेवर पोचले असते तर स्टुलावर उभी राहून आनंदाने याच खालच्या कळ्या गोठवल्या असत्या, पुण्याला आणल्या असत्या, आणि मार्चमध्ये अकोल्याला गेले असते.

गोठवलेल्या कळ्यांतून चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही फांद्यांच्या वेगवेगळ्या निघाल्या, आणि सरांनी कागद पाहून चष्मा काढला, पुसला, परत घातला. फेलोशिप एक वर्ष वाढली.

त्या संध्याकाळी आंटीला फोन लावला. सावकाश सगळं सांगितलं. खालच्या कळ्यांचं ठरून गेलं होतं, वरच्यांचं ठरायचं होतं, आणि तुम्ही खालच्या काढून टाकल्या नसत्या तर मी कधी वर चढलेच नसते. आंटी शिक्षिका. मध्येच दोन प्रश्न विचारून तिने सगळं नीट समजून घेतलं.

"म्हणजे मी केलंय ता बरा केलंय?"

"हो आंटी. तुमच्यामुळेच झालं."

"मगे त्या दिसा माझ्यार कित्याक डाफारलंस?"

इतके दिवस टाळलेलं वाक्य मी शेवटी बोलले. "चुकलं माझं, आंटी. माफ करा मला."

ती तिच्या शाळेच्या मराठीत, अगदी शुद्ध, म्हणाली, "माफी फोनवर मागत नाहीत." आणि लगेच मालवणीवर उतरून, "हय येवन माग. बांगडो तळून ठेवतंय."

पुढच्या सोमवारची रजा टाकली आहे. या खेपेला कामाचं काहीच नाही, म्हणून टाकी नेत नाहीये.